सोल फूड म्हणजे नक्की काय? आणि त्याच्या पाटीवर 'सीफूड' का असतं?

अमेरिकेतल्या खाण्याच्या रील्स बघत असाल, तर एक पांढरा डबा तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलाच असेल. तीन कप्पे, मोठ्या कप्प्यात सोनेरी तळलेला मासा किंवा कोळंबी, एका बाजूला चीज ओघळणारी मॅकरोनी, दुसऱ्या बाजूला गडद हिरवी पालेभाजी. वर पिवळ्या पावाचा तुकडा. खाणारा गाडीत बसलेला आणि मागे दिसणाऱ्या छोट्याशा दुकानावर पाटी असते, 'सोल फूड अँड सीफूड'.

कीथ ली हा एकेकाळचा एमएमए फायटर अशाच छोट्या, घरगुती हॉटेलांचे रिव्ह्यू करून टिकटॉकवर स्टार झाला. त्याने चांगलं म्हटलं की दुसऱ्या दिवशी त्या दुकानाबाहेर रांग लागते.

पण 'सोल' म्हणजे आत्मा. मग हे आत्म्याचं जेवण नेमकं कोणाचं? त्याच्या शेजारी तळलेले मासे कुठून आले? आणि उद्या अटलांटा, ह्यूस्टन किंवा शार्लटला शिकायला-नोकरीला गेलात आणि दुपारी अशा ठिकाणी शिरलात, तर काय मागवायचं? एकेक करून बघू.

आधी नावाचा विषय

सोल फूड म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांचं पारंपरिक जेवण. पदार्थ जुने आहेत, नाव मात्र तुलनेने नवं. १९६०च्या दशकात 'सोल' हा शब्द कृष्णवर्णीयांच्या अभिमानाची खूण बनला. सोल म्युझिक, सोल ब्रदर आणि त्याच ओघात सोल फूड.

त्याआधी हे जेवण अमेरिकेच्या दक्षिणेतलं साधं घरचं जेवण होतं. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिणेकडची राज्यं सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस अशा शहरांत गेले. याला 'ग्रेट मायग्रेशन' म्हणतात. दक्षिणेतला वंशभेद आणि हिंसाचार मागे टाकायचा होता, कारखान्यांत काम मिळत होतं. ही माणसं गावाकडची चव सोबत घेऊन गेली. कोकणातला चाकरमानी मुंबईत आला आणि गिरणगावात खाणावळी उभ्या राहिल्या, तसंच काहीसं. शहरात गेल्यावर गावाकडच्या जेवणाला वेगळं नाव मिळालं.

ताटातला इतिहास

गुलामगिरीच्या काळात मळ्याचे मालक गुलामांना ठरावीक शिधा द्यायचे. स्वतः गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली आपलं आत्मचरित्र लिहिलं. त्यात हा हिशोब दिला आहे. मोठ्या माणसाला महिन्याला आठ पौंड, म्हणजे साधारण साडेतीन किलो डुकराचं मांस किंवा तेवढ्या मोलाचे मासे आणि एक बुशेल मक्याचं पीठ. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला महिनाभर एवढंच.

उरलेली भूक कशी भागायची? ज्यांना जमेल ते झोपडीमागे परसबाग लावायचे, नदी-खाडीत मासे पकडायचे, शिकार करायचे. म्हणजे सोल फूड हे फक्त मालकाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं जेवण आहे, हा समज अर्धवट आहे. मालकाने टाकून दिलेले पाय, आतडी, मान हे त्यात होतंच. पण त्यासोबत स्वतः पिकवलेलं, स्वतः पकडलेलं आणि आफ्रिकेतून आलेलं ज्ञानही होतं.

आता यात आपल्या ओळखीची नावं बघा. चवळी मूळची आफ्रिकेतली. ती हजारो वर्षांपूर्वी भारतात आली आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर अमेरिकेत गेली. आज तिथे नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी-भात आणि पालेभाजी खाणं शुभ मानतात. चवळी म्हणजे नाणी आणि पालेभाजी म्हणजे नोटा, असा त्याचा अर्थ लावतात.

भेंडीही आफ्रिकेतूनच अमेरिकेत पोचली. लुइझियानाचा प्रसिद्ध 'गंबो' हा पदार्थ ऐकला असेल, तर त्याचं नाव आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या शब्दावरून आलं आहे.

सोल फूडच्या दुकानात 'कँडीड याम्स' मागितले तर पाकातलं रताळं मिळतं. खरा याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद. पश्चिम आफ्रिकेत तो मुख्य अन्न होता. अमेरिकेत रताळं सहज मिळत होतं, म्हणून पदार्थ रताळ्याचा झाला, पण नाव यामचंच राहिलं.

मॅकरोनी अँड चीज मात्र युरोपातून आलं. थॉमस जेफरसन यांचा गुलाम स्वयंपाकी जेम्स हेमिंग्ज याला पॅरिसमध्ये फ्रेंच स्वयंपाकाचं शिक्षण मिळालं होतं. श्रीमंतांच्या मेजवान्यांतले असे पदार्थ प्रत्यक्षात रांधायचे ते गुलाम स्वयंपाकीच. त्यांच्या हातून ते पदार्थ कृष्णवर्णीयांच्या घरी आले आणि सणावाराचे झाले.

मग मासे कुठून आले?

पाटीवर सोल फूड आणि सीफूड एकत्र असण्याची कारणं साधी आहेत.

पहिलं म्हणजे भूगोल. दक्षिणेत नद्या, दलदली आणि लांबलचक किनारा आहे. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या गुल्ला गीची समाजाच्या जेवणात तांदूळ, कोळंबी आणि खेकडे हेच मुख्य. पश्चिम आफ्रिकेतून भातशेती जाणणाऱ्या लोकांना गुलाम करून इथे आणलं गेलं आणि त्यांच्या मेहनतीवर इथली भातशेती उभी राहिली.

दुसरं कारण म्हणजे 'फिश फ्राय'. आठवड्याचं काम संपलं की मासे पकडायचे, मोठ्या कढईत तळायचे आणि सगळ्यांनी मिळून खायचं. हा नुसता बेत नव्हता. चर्चसाठी, कुणाच्या अंत्यविधीसाठी, अडल्यानडल्यासाठी पैसे उभे करायचे तरी माशाची ताटं विकली जायची. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये भाडं परवडायचं नाही, तेव्हा भाडेकरू घरातच 'रेंट पार्टी' ठेवायचे. दाराशी थोडे पैसे घ्यायचे, आत पियानो आणि विकायला तळलेले मासे.

तिसरं कारण धंद्याचं आहे. चिकन, मासा, कोळंबी, भेंडी सगळं एकाच प्रकारच्या फ्रायरमध्ये होतं. मासा काही मिनिटांत तयार होतो. जागा छोटी, माणसं कमी आणि दुपारच्या दीड-दोन तासांत गर्दी. अशा दुकानाला हे गणित जमतं.

तळण्यामागचं तंत्र

इथला मासा आपल्या रवा फ्रायचा लांबचा भाऊ वाटेल. फरक रव्याच्या जागी मक्याच्या पिठाचा.

माशाचे तुकडे कोरडे करून त्यांना ताक किंवा पातळ मोहरीचा सॉस लावतात. मग मीठ, मिरी, लाल तिखट, लसणाची पूड घातलेल्या मक्याच्या पिठात घोळवतात आणि साधारण १७५ ते १९० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात सोडतात. तापलेल्या तेलात माशातल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडत राहते, त्यामुळे आत मासा वाफेवर शिजतो आणि बाहेर पीठ कडक होतं. तेल थंड असेल किंवा एकदम जास्त तुकडे टाकले, तर तापमान पडतं, आवरण घट्ट व्हायच्या आत तेल पितं आणि मासा मऊ पडतो. जाडसर मक्यामुळे आवरण खरखरीत होतं, म्हणून तो कुरकुरीतपणा आपल्या बोंबील फ्रायच्या जवळ जातो.

मसाला मात्र आपल्या मानाने सौम्य असतो. तिखटाचं काम टेबलावरचा व्हिनेगरवाला हॉट सॉस करतो. आपल्याकडे माशावर लिंबू पिळतात, तिथे हा सॉस शिंपडतात.

सगळ्यात गाजलेला मासा म्हणजे कॅटफिश. आपल्या मागूर आणि शिंगाळ्याच्या गोतावळ्यातला, मिशांचा मासा. तो आता बहुतेक तळ्यांत वाढवलेला असतो आणि मिसिसिपी राज्य त्यात सगळ्यात पुढे आहे. यात एक गंमत आहे. व्हिएतनाममधून स्वस्त पंगासिअस मासा येऊ लागला, तेव्हा अमेरिकी शेतकरी चिडले. २००२च्या कायद्याने ठरवलं की अमेरिकी कुळातल्या माशालाच 'कॅटफिश' म्हणायचं. २००३ साली व्हिएतनामी माशावर जादा करही लागला. मग तोच पंगासिअस 'बासा' आणि 'स्वाई' नावाने विकला जाऊ लागला. हो, पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत फिश फिंगरमध्ये जो बासा मिळतो, तोच हा.

दुपारी गेलात तर काय मागवाल?

बहुतेक ठिकाणी मेन्यूची रचना आपल्या राइस प्लेटसारखी असते. एक मांसाहारी पदार्थ आणि त्यासोबत दोन किंवा तीन 'साइड्स'. त्याला 'मीट अँड टू' किंवा 'मीट अँड थ्री' म्हणतात. सोबत मक्याचा पाव म्हणजे कॉर्नब्रेड. साइड्स काचेमागे वाफाळत्या ट्रेमध्ये मांडलेल्या असतात. बोट दाखवायचं, वाढणारी व्यक्ती डब्यात भरते.

पहिल्यांदा जात असाल तर हे सोपं कॉम्बिनेशन: तळलेला कॅटफिश, कोलार्ड ग्रीन्स आणि मॅकरोनी अँड चीज. कोलार्ड ही कोबीच्या कुळातली जाड पानांची भाजी, तासन् तास मंद आचेवर शिजवलेली. थोडी कडसर लागते आणि तळलेल्या माशासोबत ती हवीच. तिच्या पातेल्यात उरलेलं पाणी फेकत नाहीत. त्याला 'पॉट लिकर' म्हणतात आणि त्यात कॉर्नब्रेड बुडवून खातात. आपण कटाच्या आमटीत जे करतो तेच.

मासा काट्यांसकट हवा की बिनकाट्याचा, हे आधी विचारा. माशासोबत साध्या पांढऱ्या ब्रेडचे दोन स्लाइस आले तर चुकून आले असं समजू नका. मासा त्यात घालून सँडविच करायचं असतं. शेवटी पीच कॉबलर किंवा रताळ्याचा पाय घ्या. आइस्ड टी मात्र विचार करून घ्या, 'स्वीट टी' म्हणजे जवळपास सरबत.

शाकाहारी असाल तर नीट वाचा. पालेभाजी, चवळी, घेवडा हे पदार्थ दिसायला शाकाहारी असतात, पण चवीसाठी त्यात बऱ्याचदा डुकराचा धुरावलेला पाय किंवा टर्की असतं. कॉर्नब्रेडमध्ये चरबी असू शकते. तळलेली भेंडी माशाच्याच तेलात तळलेली असू शकते. त्यामुळे 'यात मांस आहे का' एवढंच विचारू नका, 'कशात शिजवलं आणि कोणत्या तेलात तळलं' हे विचारा.

लवकर जा. ग्रीन्स आणि मॅकरोनी सकाळी एकदाच मोठ्या प्रमाणात बनतात. संपले की संपले.

या ताटांनी चळवळ चालवली

आता मूळ मुद्दा. या छोट्या हॉटेलांना अमेरिकेच्या इतिहासात एवढं महत्त्व का?

कारण अनेक दशकं दक्षिणेत कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात बसून जेवता येत नव्हतं. प्रवासाला निघायचं तर जेवायचं कुठे, हा जिवाचा प्रश्न होता. म्हणून हार्लेमचे पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६पासून 'ग्रीन बुक' छापायला सुरुवात केली. कोणत्या गावात कोणतं हॉटेल, खाणावळ, पेट्रोल पंप आपल्याला घेईल, याची ती यादी.

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो इथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. तिथे त्यांना वस्तू विकत घेता येत होत्या, पण जेवणाच्या काउंटरवर बसता येत नव्हतं. ते बसले आणि उठले नाहीत. हे लोण इतर शहरांत पसरलं. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतला असा भेदभाव बेकायदा ठरवला. म्हणजे 'बसून दुपारचं जेवण करणं' हाच एका मोठ्या लढ्याचा विषय होता.

त्याच काळात कृष्णवर्णीयांची स्वतःची हॉटेलं ही बैठकीची जागा होती. न्यू ऑर्लिन्समधल्या 'डूकी चेस'मध्ये वरच्या मजल्यावर गोरे आणि काळे कार्यकर्ते एकत्र बसून आखणी करायचे. तेव्हा त्यांनी एकत्र जेवणं कायद्याला मान्य नव्हतं. ते हॉटेल चालवणाऱ्या लीह चेस २०१९ साली वयाच्या ९६व्या वर्षी गेल्या. याच लीह चेस यांनी बराक ओबामांना, चव न घेताच गंबोत हॉट सॉस घातला म्हणून झापलं होतं.

आणि जॉर्जिया गिल्मोर. १९५५ साली मॉन्टगोमरीत बसबहिष्कार सुरू झाला आणि ३८१ दिवस चालला. लोक बसने जात नव्हते, तर त्यांना कामावर पोचवायला गाड्या लागत होत्या, गाड्यांना पेट्रोल. गिल्मोर आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी तळलेलं चिकन, माशाची सँडविच, पाय आणि केक विकून पैसे जमवले. या बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या, नाव कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून गटाचं नाव ठेवलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसे कुठून आले? कुठूनच नाही. पुढे गिल्मोर यांची स्वयंपाकिणीची नोकरी गेलीच. मग त्यांनी घरातच खाणावळ सुरू केली, जिथे मार्टिन ल्यूथर किंग जेवायला यायचे.

आपल्याकडे याचा धागा आहे का?

आहे, आणि तो खरा आहे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. अन्नाच्या बाबतीतही प्रश्न सारखाच येतो. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक मराठवाड्यातल्या दलित समाजाच्या खाद्यसंस्कृतीवर आहे. रक्ती, चान्या असे पदार्थ त्यात मांडलेत, ज्यांना 'महाराष्ट्रीय जेवण' म्हणून कुठल्याच थाळीत जागा मिळत नाही.

सोल फूडमध्ये डुकराची आतडी म्हणजे 'चिटलिन्स' हा एक पदार्थ आहे. त्याचा इतिहासही असाच, आधी हिणवलं गेलं आणि मग अभिमानाने खाल्लं गेलं. एक फरक मात्र आहे. तिकडे ते जेवण पाटीवर नाव लावून विकलं जातं, लोक रांगा लावतात. आपल्याकडे अशी किती हॉटेलं दिसतात, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

तब्येतीचं काय?

हा वाद सोल फूडच्या जन्मापासून आहे. नेशन ऑफ इस्लामचे एलायजा मुहम्मद यांनी १९६०च्या दशकातच अनुयायांना डुकराचं मांस सोडायला सांगितलं होतं. २०१५ साली 'सर्क्युलेशन' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. तळलेले पदार्थ, प्रक्रिया केलेलं मांस, अवयवांचं मांस आणि गोड पेयं असा 'दक्षिणी' आहार सर्वाधिक घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका ५६ टक्के जास्त दिसला.

पण यात एक मेख आहे. खाद्य-इतिहासकार एड्रियन मिलर सांगतात की आज आपण ज्याला सोल फूड म्हणतो, त्यात रविवारचे आणि सणाचे बरेच पदार्थ आहेत. तळलेलं चिकन, केक, कॉबलर हे रोजचं जेवण नव्हतं. रोज असायची पालेभाजी, कडधान्य, रताळं आणि मका. शहरात पैसा आला, हॉटेलं आली आणि सणाचं जेवण रोजचं झालं. आपण रोज पुरणपोळी आणि शनिवार-रविवार तांबडा-पांढरा हाणला, तर दोष पुरणपोळीचा नाही.

आता ब्रायंट टेरीसारखे शेफ व्हीगन सोल फूड करतात. काही ठिकाणी ग्रीन्समध्ये डुकराऐवजी टर्की घालतात, मासा तळण्याऐवजी भाजून देतात.

मग ही छोटी दुकानं टिकतील?

अडचणी बऱ्याच आहेत. ग्रीन्स धुवायला आणि शिजवायला तास लागतात, पण गिऱ्हाइकाला ताट स्वस्तच हवं असतं. वस्तीतलं भाडं वाढतं आणि जुने लोक दुसरीकडे जातात. मुलं शिकून वेगळ्या नोकऱ्या धरतात, दुकान कुणी घ्यायचं हा प्रश्न उरतो. शिवाय तेच पदार्थ 'सदर्न फूड' नावाने महागड्या रेस्टॉरंटमध्ये दुप्पट-तिप्पट भावाने विकले जातात आणि श्रेय भलत्यालाच मिळतं.

व्हायरल रीलने एका दिवसात रांग लागते हे खरं. पण दोन-तीन माणसांच्या किचनला अचानक आलेली गर्दी पेलत नाही, मग उशीर होतो आणि वाईट रिव्ह्यू पडतात. दुकान चालतं ते दर आठवड्याला येणाऱ्या गिऱ्हाइकावर.

त्यामुळे तिकडे राहत असाल, तर एकदा जाऊन फोटो काढण्यापेक्षा महिन्यातून एकदा जा. बसून जेवलात तर टिप ठेवा, १५ ते २० टक्के तिथे धरूनच चालतात. आणि पातेल्यात पॉट लिकर उरलं असेल तर एक वाटी मागून घ्या. विचारणाऱ्याला सहसा नाही म्हणत नाहीत.